रद्द करता येईल अशी जागा

नवऱ्याची अट एकच होती. जागा कुठलीही घे, पण रद्द करता आली पाहिजे.

बाकी सगळं त्याने माझ्यावर सोडलं होतं आणि मला त्याचं कौतुकच वाटलं होतं. आमच्या ओळखीतले नवरे सुट्टी म्हटली की विमानापासून नाश्त्यापर्यंत सगळ्यात नाक खुपसतात आणि शेवटी बायकोने शोधलेल्या जागेला नावं ठेवतात. माझा नवरा म्हणाला, "तू बघ. नोकरी तुझी पक्की झालीय, तर सुट्टीही तुझी. म्हणशील तिथे जाऊ." मी त्या वाक्यावर इतकी खूश झाले की मैत्रिणींना सांगत सुटले.

तेव्हा आम्ही सिंगापुरात, बुओना व्हिस्टाला एका कॉन्डोत भाड्याने राहत होतो. तो आयटी मॅनेजर, मी तिथून चालत जाता येईल अशा एका संशोधन संस्थेत. संस्थेत मी कित्येक वर्षं पोस्टडॉक म्हणून काढली होती. करार संपत आला की नवस, मुदत वाढली की पेढे, मग पुन्हा तेच. त्या वर्षी मला पहिल्यांदा कायमची जागा मिळाली. हाताखाली दोन माणसं, खिडकीजवळचं टेबल आणि स्वतःच्या नावावरचा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथे राहून काम करायचा परवाना. तोवर मी या देशात नवऱ्याच्या पासवर, त्याची बायको म्हणून राहत होते. आता मी माझी म्हणून राहणार होते. बाहेरच्याला यात फारसा फरक दिसणार नाही, मला मात्र तो दिवसातून दहा वेळा आठवायचा.

सुट्टीसाठी बेट ठरवलं ग्रीसमधलं क्रीट. सिंगापूरसारख्या बेटावर राहणारी माणसं सुट्टीला दुसऱ्या बेटावर का जातात, असं ऑफिसात मला विचारलं गेलं. पण सिंगापुरात समुद्र आहे हे रोजच्या जगण्यात कळतच नाही. लिफ्ट, एमआरटीची मेट्रो, एसी, पुन्हा लिफ्ट. मुद्दाम किनाऱ्यावर जावं तर समोर मालवाहू जहाजांची रांग लागलेली. मला जिथे नुसतं पाणी दिसेल अशी जागा हवी होती. मुलीच्या शाळेला जूनमध्ये सुट्टी असते, त्यातला एक आठवडा आम्ही पक्का केला. विमानाची तिकिटं तो काढणार होता. जागा मी शोधायची.

आणि मी शोधायला बसले म्हणजे बसलेच. क्रीट केवढं मोठं आहे याचा मला पत्ताच नव्हता. उत्तरेच्या किनाऱ्यावर मोठमोठी रिसॉर्ट्स, दक्षिणेला डोंगर उतरून गेल्यावर लहान गावं, पश्चिमेला हानिया नावाचं जुनं बंदराचं शहर. तीन जागांवर येऊन मी अडकले. पहिली जागा उत्तरेच्या रिसॉर्टची. तिथे पाण्याच्या घसरगुंड्या होत्या, त्यामुळे तिसरीतल्या आमच्या कन्येने मतदान केव्हाच उरकलं होतं. "आई, धिस वन कॅन लाह," म्हणजे ही चालेल, एवढं शाळेतल्या सिंगापुरी इंग्रजीत बोलून ती मोकळी झाली. दुसरी जागा हानियाच्या गल्लीतलं दगडी घर, खाली स्वयंपाकघर आणि वर झोपायच्या खोल्या. तिसरी दक्षिणेला, एका खाडीतलं गाव. त्या गावाला रस्ताच नाही. होडीने जायचं, होडीने यायचं. पाण्यावर आलेल्या सज्जाची एक खोली, मागे डोंगर, आणि संध्याकाळची शेवटची होडी गेली की गावात फक्त मुक्कामाची माणसं.

त्या तिसऱ्या जागेचे फोटो मी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत बघायचे. इतके बघितले की सज्जातल्या खुर्चीच्या पट्ट्या मला पाठ झाल्या.

मी पुण्याची आहे, तेव्हा कुठलीही गोष्ट पारखल्याशिवाय घेत नाही. या शोधात मी बरंच शिकले. जाहिरातीत 'पारंपरिक घर' असेल तर जिने उभे आणि न्हाणीघर काडेपेटीएवढं. 'समुद्र हाकेच्या अंतरावर' असेल तर हाक कुणी द्यायची ते विचारावं. फोटो सगळे एकाच कोपऱ्यातून काढलेले असतील तर दुसऱ्या कोपऱ्यात काहीतरी आहे. लोकांचे अभिप्राय मी शेवटून वाचायचे, कारण कौतुक सगळे सारखंच करतात आणि तक्रार मात्र प्रत्येकाची निराळी असते. एका बाईंनी तक्रार केली होती की पहाटे देवळाची घंटा वाजते. एका गृहस्थाला मांजरांचा त्रास झाला होता. मला घंटा आणि मांजरं दोन्ही चालणार होती. मी हानियाच्या घरमालकिणीला पत्र पाठवून विचारलंसुद्धा, की शेगडी कुठली आहे, तिच्यावर आमचा छोटा कुकर चालेल का, आणि शिट्टीचा शेजाऱ्यांना त्रास होईल का. तिने उलट विचारलं की जेवणासाठी प्रसिद्ध असलेल्या बेटावर तुम्ही घरचं भांडं घेऊन का येताय. तिला मेतकूट-भात म्हणजे काय ते कसं समजवायचं. चौथ्या दिवशी बाहेरचं जेवण नको होतं तेव्हा माणसाला काय हवं असतं ते मला माहीत आहे.

शनिवारी आम्ही तिघं तोआ पायोहच्या हॉकर सेंटरला नाश्त्याला जायचो. घरापासून लांब पडायचं, पण तिथल्या एका गाडीवरचा डोसा आमच्या घरात सगळ्यांना पटला होता. तिथे बसून मी नवऱ्याला एकेक जागा मोबाइलवर दाखवायचे. तो बघायचा, हं म्हणायचा, छान आहे म्हणायचा. मग हटकून विचारायचा, "ही कधीपर्यंत रद्द करता येते?"

रिसॉर्टमधली खोली रद्द करता येत होती. हानियाचं घरही अगदी शेवटच्या आठवड्यापर्यंत येत होतं. खाडीतली खोली येत नव्हती. पैसे आधी भरायचे आणि मग आलात तर आलात. "ती सोड मग," तो म्हणाला. मी म्हटलं, अरे, आपण जाणारच आहोत ना? तो म्हणाला, "जाणारच आहोत गं. पण ऑफिसचं काही सांगता येत नाही. हातात असलेलं बरं." मी जरा हट्ट करून पाहिला. त्याने डोशाचा तुकडा चटणीत बुडवला आणि मान हलवली. मग मी खाडी सोडली आणि हानियाचं घर नक्की केलं. मनातून हळहळले, पण सावध माणसाशी लग्न केलं की असं होतं, अशी मीच माझी समजूत घातली.

ते घर नक्की झाल्यावरच्याच एका रविवारी सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. रविवारी सकाळी पुण्याला चहा झाला की त्या फोन लावतात, तोवर आमच्याकडे जेवणाची वेळ होत आलेली असते. नवरा मुलीला घेऊन खाली पोहायला गेला होता. मी फोन ओट्यावर उभा केला आणि पोळ्या लाटत बोलायला लागले. सासूबाईंच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"अगं, गुरुजींनी तारीख दिली एकदाची," त्या म्हणाल्या. "आषाढ लागायच्या आत मुहूर्तच सापडत नव्हता. वास्तुशांती उरकून घेऊ म्हणजे निवांत."

मला वाटलं, दिरांनी घर घेतलं असेल. मी अभिनंदन केलं आणि विचारलं, "कुणाची हो, आई?"

"कुणाची म्हणजे? तुमचीच की. बाणेरच्या फ्लॅटची."

मी लाटणं थांबवलं नाही. का कोण जाणे, हात चालूच राहिले. सासूबाई पुढे सांगत होत्या. ओटा काळ्या ग्रॅनाइटचाच करून घेतला, तुला पांढरा आवडला असता पण पांढऱ्यावर हळदीचे डाग पडतात. मुलीच्या खोलीला पूर्वेची खिडकी आहे. कपाटं तुम्ही आल्यावर करू, सामान दसऱ्यापर्यंत आलं तरी चालेल. मग त्यांनी तारीख सांगितली. ती आमच्या क्रीटच्या आठवड्याच्या बरोबर मधली होती.

"आई," मी म्हटलं, "आम्ही पुण्याला येतोय हे कधी ठरलं?"

पलीकडे त्यांचा चेहरा बदलला. मग हळूच म्हणाल्या, "त्याने सांगितलं नाही अजून? मला म्हणाला होता, तिच्याशी मीच बोलतो, तुम्ही कुणी विषय काढू नका." तव्यावरची पोळी करपली. ती मी काढून ठेवली आणि फोन बंद केला.

म्हणजे सासूबाईंना माहीत होतं. दिरांना माहीत होतं, जावेला माहीत होतं, ओटा बसवणाऱ्यालासुद्धा माहीत होतं. सगळ्यांची अळीमिळी गुपचिळी, आणि मी इकडे परक्या बाईला शेगडीबद्दल पत्रं लिहीत होते. आठवडाभराच्या स्वयंपाकघराची इतकी चौकशी केली मी. ज्या स्वयंपाकघरात जन्म काढायचा त्याचा दगडसुद्धा माझ्यामागे बसवून झाला होता.

तो वर आला तेव्हा केसांतून पाणी गळत होतं. मुलीला मी अंघोळीला पिटाळलं आणि त्याला म्हटलं, "आईंचा फोन होता. वास्तुशांतीची तारीख मिळाली."

तो टॉवेल हातात घेऊन खुर्चीवर बसला. नाकारलं नाही, एवढं त्याच्या बाजूने सांगते. कंपनी पुण्यात नवा विभाग काढत होती, त्याने आपणहून बदली मागितली होती आणि ती मिळालीही होती. फ्लॅट त्याच्याही आधी घेतला होता. आईबाबा थकले, धाकट्याच्या गळ्यात किती दिवस घालायचं, मुलीला मराठी नीट येत नाही. कारणं सगळी खरी होती. त्यातलं एकही असं नव्हतं की जे माझ्याशी बोलता आलं नसतं.

"मग बोलला का नाहीस?"

"योग्य वेळ बघत होतो."

"माझी नोकरी पक्की झाली तेव्हा बदली मागून झाली होती?"

तो टॉवेलने केस पुसायला लागला. त्या दिवशी आम्ही पेढे आणले होते आणि त्यानेच पहिला पेढा माझ्या तोंडात घातला होता.

"पुण्यातही संस्था आहेत की," तो म्हणाला. "तुझ्यासारखीला कुठेही मिळेल."

"आणि मी एवढी जागा शोधत होते तेव्हा? तेव्हा तरी सांगायचं."

"तू इतकी रमली होतीस त्यात," तो म्हणाला. "मला तुझा आनंद मोडवेना."

मला रडू आलं नाही. मला इतका संताप आला की हातातलं फडकं मी सिंकमध्ये फेकलं. रडणाऱ्या पोराच्या हातात खुळखुळा द्यावा आणि मोठ्यांनी आपली बोलणी उरकून घ्यावीत, तसं त्याने मला क्रीट दिलं होतं. प्रत्येक शनिवारी तो माझ्यासमोर बसून डोसा खात होता, फोटो बघत होता, छान आहे म्हणत होता आणि ताकास तूर लागू देत नव्हता. रद्द कधीपर्यंत करता येतं हे त्याला कशासाठी हवं होतं ते आत्ता कळत होतं. विमानाची तिकिटं काढलीस का, असं मी विचारलं. काढली नव्हती. दर कमी व्हायची वाट बघतोय, असं तो मला सांगत आला होता. परक्याने फसवलं असतं तर मी चार शिव्या घालून मोकळी झाले असते. याने केसाने गळा कापला होता आणि वर माझ्या आनंदाची काळजी घेतल्याचं श्रेय मागत होता.

पुढचे काही दिवस घरात फक्त कामापुरतं बोलणं होतं. दूध संपलंय. फी भरलीस का. सासूबाईंचे फोन मात्र वाढले. त्यांना माझं वाईट वाटत होतं, ते खोटं नव्हतं. पण प्रत्येक फोन फिरून तिथेच यायचा. "झालं ते चुकलंच त्याचं. मी त्याला बोलले चांगली. पण पूजेला तू हवीस गं. वास्तुशांतीला जोडीनेच बसावं लागतं. यजमानाच्या हाताला बायकोचा हात लागल्याशिवाय संकल्प पुरा होत नाही."

माझ्या लग्नानंतर मी अशा कित्येक पूजांना त्याच्या शेजारी बसले आहे. गुरुजी म्हणतात, हाताला हात लावा, की आपण उजव्या हाताची बोटं नवऱ्याच्या हाताला टेकवायची. पाणी तो सोडतो, अक्षता तो वाहतो, आपण फक्त टेकवलेले. आजवर मला त्याचं काही वाटलं नव्हतं, उलट बरंच वाटायचं. पण सासूबाईंच्या त्या फोनने मला एकाएकी बळ आलं. घर घेताना मी नको होते, पण घरात शिरताना माझ्यावाचून अडणार होतं. मी ठरवलं की नाही जायचं. आपण गेलो नाही तर मुहूर्त टळेल. मुहूर्त टळला की त्यांना थांबावं लागेल, आणि थांबले की कधीतरी मला विचारावं लागेल, तुला काय हवंय. मला तेवढंच हवं होतं. विचारलं असतं तर कदाचित मी हो म्हटलंही असतं. पुणं काही माझं वैरी नव्हतं.

मी नवऱ्याला सांगितलं, "मी पूजेला येणार नाही. मी मुलीला घेऊन क्रीटला जाणार आहे."

"आईला काय सांगू?"

"त्यांनाही योग्य वेळ बघून सांग."

त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी हानियाचं घर रद्द केलं. एक बटण दाबलं आणि झालं, कुणी का म्हणून विचारलं नाही. मग खाडीतली ती खोली घेतली, परत न मिळणारे पैसे भरून, आमच्या दोघींच्या तिकिटांसह. त्या खोलीत स्वयंपाकघर नव्हतं, त्यामुळे कुकर नेला नाही. मुलगी घसरगुंड्यांसाठी दोन दिवस रुसली आणि मग होडीने जायचं कळल्यावर विसरली. बाबा का येत नाहीत, असं तिने विचारलं, तेव्हा मी आजीकडे काम आहे असं सांगितलं.

आम्ही निघालो त्या सकाळी तो विमानतळापर्यंत आला. मुलीची बॅग त्याने ओढली, मला म्हणाला, सांभाळून जा. मला शेवटपर्यंत वाटत होतं की तो म्हणेल, पूजा पुढे ढकललीय, आधी आपण बोलू. त्याचं पुण्याचं विमान दोन दिवसांनी होतं.

खाडीतली खोली फोटोत होती तशीच निघाली. पाणी खरोखरच सज्जाच्या खालीच होतं आणि खुर्चीच्या पट्ट्याही त्याच. मुलगी दिवसभर पाण्यात असायची. खालच्या खाणावळीत वांगी आणि चीज घातलेली एक भाजी मिळायची, ती आम्हाला दोघींना आवडली. पण मला तिथे मजा आली असं सांगितलं तर ते खोटं होईल. मुहूर्ताचा दिवस जवळ येत होता आणि मी फोनकडे बघत बसत होते. पूजा पुढे ढकलल्याचा निरोप आज येईल, उद्या येईल. मला त्याची इतकी खात्री होती की काय बोलायचं ते मी मनात घोळवून ठेवलं होतं.

मुहूर्ताच्या दिवशी सकाळी आम्ही सज्जात नाश्ता करत होतो. पुण्यात तेव्हा जेवणाची वेळ झाली असणार. सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. मागे झेंडूची तोरणं होती, माणसांची वर्दळ होती, आणि काळा ओटा होता. त्यांनी नातीला हाक मारली, घर दाखवलं, पूर्वेची खिडकी दाखवली. मग मला म्हणाल्या, "काही अडलं नाही हो. तू मनाला लावून घेऊ नकोस. गुरुजी म्हणाले, बायको हजर नसेल तर कमरेला सुपारी लावून यजमानाला बसता येतं. अगदी शास्त्रात आहे. सगळं यथासांग झालं."

हे त्या मला दिलासा म्हणून सांगत होत्या. त्यांनी फोन त्याच्याकडे फिरवला. तो अजून सोवळ्यातच होता, कपाळाला गंध, आणि कमरेला उपरण्याच्या गाठीत काहीतरी बांधलेलं दिसत होतं. मुलगी फोनमध्ये डोकावून म्हणाली, "बाबा, व्हॉट्स दॅट?" तो तिला म्हणाला, सुपारी आहे बाळा, आईच्या जागी.

"बट आई इज हिअर व्हॉट, इथेच तर आहे," ती म्हणाली आणि पावाला मध लावायला लागली.

मी फोन हातात घेतला. मनात घोळवून ठेवलेलं सगळं बोलणं आता निरुपयोगी होतं, कारण ते अडलेल्या माणसाशी बोलायचं होतं आणि इथे कुणाचंच काही अडलं नव्हतं. तो माझ्याकडे बघून ओशाळला. म्हणाला, "अगं, ते फक्त विधीपुरतं असतं."

"मीही तुम्हाला तेवढ्यापुरतीच हवी होते," मी म्हटलं.

मागून कुणीतरी त्याला पानावर बसायला बोलावत होतं. मी म्हटलं, जा, जेवून घे.

दसऱ्याच्या आधी त्याचं सामान पुण्याला गेलं. आमचं दोघींचं गेलं नाही.